पायाखालची फळी

नमस्कार मंडळी. आज जरा आमच्या धंद्यातलं बोलणार आहे, म्हणजे बांधकामातलं, पण घाबरू नका, एफएसआय आणि सातबारा असलं काही काढणार नाही. नाचणाऱ्यांच्या इमारतीबद्दल बोलायचंय. एखाद्या डान्स कंपनीला स्वतःचं घर बांधायचंय, ऑफिस, तालमीचे हॉल, कपडेपट सगळं एका छताखाली, तर आर्किटेक्टने पेन्सिल पहिल्यांदा कुठे टेकवायची?

मी लहानपणी सात वर्षं कथक शिकले. क्लास एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, बाईंच्या हॉलमध्ये. सोफा भिंतीला उभा करून ठेवायचा, टीव्हीवर चादर टाकायची आणि आम्ही बारा जणी दोन रांगांत. तत्काराची, म्हणजे कथकच्या पदन्यासाची, लय चौपटीला गेली, अंगात जरा वारं शिरलं, की बरोब्बर तेव्हाच बेल वाजायची. खालच्या मजल्यावरचे काका. बनियनवर. "बाई, आमची ट्यूब हलतेय हो." झालं. घुंगरू सोडा, सतरंजी अंथरा, आणि आता हळू. सतरंजीवरचा तत्कार म्हणजे काय सांगू, तोंडावर हात ठेवून गाणं म्हणायचं.

तेव्हा काकांचा फार राग यायचा, पण त्यांचं काय चुकत होतं हो? बारा मुली, चोवीस पाय, प्रत्येक पायात शंभर घुंगरू, आणि मधे एक साडेचार-पाच इंचाचा स्लॅब. पायाचा दणका स्लॅबमध्ये शिरतो, तिथून भिंतीत, भिंतीतून काकांच्या ट्यूबमध्ये. आणि तो दणका नुसता खालीच जात नाही, उलटा वरही येतो, नडगीत. रोज रात्री नडगीला ठणका, आई तेल चोळायची आणि म्हणायची सवय होईल. सवय झाली नाही, मी नाच सोडला आणि आर्किटेक्चरला गेले. (घरचे अजून म्हणतात, नाच परवडला असता.)

आता लंडनला जाऊ. तिथे रॅम्बर्ट नावाची नृत्यकंपनी आहे, 1926 पासूनची. मारी रॅम्बर्ट या मूळच्या वॉर्सॉच्या बाईंनी उभी केलेली. ही कंपनी 1971 पासून चिझिक भागात होती, म्हणजे लंडनच्या पश्चिमेला, थिएटरांपासून लांब, आणि जागा अपुरी. चाळीसेक वर्षं तिथेच काढली, आणि 2013 साली त्यांचं नवं घर झालं, थेट थेम्सच्या दक्षिण काठावर, नॅशनल थिएटरच्या मागच्या बाजूला. डिझाइन ॲलीज अँड मॉरिसन या फर्मचं. आता तुम्ही म्हणाल एवढ्या मोक्याच्या ठिकाणी जमीन कुणी दिली? तर कॉइन स्ट्रीट कम्युनिटी बिल्डर्सने. ही बिल्डर लॉबी नाही बरं का, नाव ऐकून मलाही तसंच वाटलं होतं. तिथल्या रहिवाशांनीच ऑफिस टॉवरांविरुद्ध भांडून भांडून उभी केलेली संस्था, 1984 साली त्यांनी ती जमीन घेतली आणि तिथे घरं, बागा, दुकानं केली. आणि या लोकांनी रॅम्बर्टला लावलेलं भाडं काय माहितीये? वर्षाला नाचायच्या बुटांचा एक जोड. खरंच. बदल्यात कंपनीने आसपासच्या लोकांना, पोरांना, म्हाताऱ्यांना नाचात सामील करून घ्यायचं. आपल्याकडे देवस्थानाला वर्षाचा नारळ देतात ना, त्यातलाच प्रकार.

बिल्डिंग बाहेरून अगदी शहाण्या मुलीसारखी आहे, नाचतेय बिचतेय असं काही नाही, आणि मला ते आवडतं. नाचाची इमारत म्हटलं की आमच्या लोकांना लगेच भिंतीला गिरकी द्यावीशी वाटते. अरे, गिरक्या आत आहेत, तू का घेतोयस? आत तीन स्टुडिओ, ऑफिस, आणि कंपनीचा जुना ठेवा जपायला अर्काइव्हची जागा.

पण तालमीचा हॉल म्हणजे नुसती मोठी खोली नव्हे. पहिली गोष्ट, मधे कॉलम चालत नाही, एकही नाही. त्यामुळे छताला लांब गाळ्याचे बीम लागतात आणि खर्च तिथेच वाढतो. दुसरं म्हणजे हॉल स्टेजएवढा पाहिजे, शिवाय चारी बाजूंनी वावरायला जागा, कारण छोट्या हॉलमध्ये बसवलेला नाच मोठ्या स्टेजवर गेला की सगळ्यांची अंतरं चुकतात, समेला यायचं तर मधे दोन पावलं जास्त. उंचीही हवी, एकाने दुसरीला डोक्यावर उचललं तर तिच्या हाताला पंखा लागता कामा नये. हसू नका, मी पाहिलंय. आरसा एकाच भिंतीला, आणि त्याला पडदा, कारण आरशाची सवय लागली की नाचणारा स्वतःकडेच बघत बसतो. हवा खेळती पण झोत अंगावर नको, घामेजलेलं अंग गार पडलं की स्नायू आखडतात. आपल्याकडे अशा हॉलला स्प्लिट एसी बरोबर नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मारतात, आणि तो लावणारा माणूस आयुष्यात कधी नाचलेला नसतो, वरातीतसुद्धा.

आणि मग जमीन. खरं तर इथूनच सुरू करायला हवं होतं. बॅलेच्या किंवा मॉडर्न डान्सच्या हॉलमध्ये स्लॅबवर थेट लाकूड ठोकत नाहीत. आधी रबराच्या गाद्या, त्यावर लाकडी रिपा, म्हणजे लांब पट्ट्या, मग प्लायचे थर, आणि सगळ्यात वर लाकूड नाहीतर विनाइलचा रोल. मधे हवा राहते, त्यामुळे उडी मारून खाली आलेल्याला जमीन झेलते. दबली पाहिजे पण गादीसारखी नाही, नाहीतर पाय मुरगळतो. शिवाय भिंतीला चिकटवायची नाही, कडेला थोडी फट सोडायची, म्हणजे दणका इमारतीत पसरत नाही. स्टुडिओवर स्टुडिओ असे रचलेले असले की हे फार लागतं. आमच्या काकांना हीच फट हवी होती, दुसरं काही नाही.

आता गंमत अशी की ही लंडनची जमीन जशीच्या तशी आणून पुण्यात टाकली तर कथकवाली वैतागेल. कारण तिला नुसतं झेलून नको आहे, तिला आवाज हवाय. अनवाणी पाय आपटला की स्वच्छ 'ता' ऐकू आला पाहिजे. विनाइलवर तो फद्द वाजतो. कोबा किंवा शहाबादीवर आवाज टणक येतो पण टाच मरते. आणि लाकूड फार पोकळ ठेवलं तर ढोल वाजतो, एक बोल संपायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. म्हणजे आपल्याला मधलं काहीतरी हवं, आणि त्याचं तयार पुस्तक माझ्या तरी टेबलावर नाही.

आपल्याकडे नाचासाठी मुद्दाम बांधलेलं घर म्हटलं की मला बेंगळुरूजवळचं हेसरघट्टा आठवतं, तिथलं नृत्यग्राम. 1990 साली ओडिसी नर्तकी प्रोतिमा बेदींनी शास्त्रीय नाचासाठी दहा एकरांवर वसवलेलं गाव, आणि आर्किटेक्ट गोव्याचे जेरार्ड द कुन्हा. दगड, माती, उघड्यावर बसायच्या जागा. तिथे राहायचं, झाडायचं, पिकवायचं आणि नाचायचं. त्यांच्या खाली कुणी काका राहतच नाहीत! पण शहरातल्या ग्रुपला दहा एकर कुठले, त्यांना शाळेचा हॉल मिळतो, रविवारी, बाकं सरकवून, आणि दहाच्या आत रिकामा करून द्यायचा.

गेल्या वर्षी अशाच एका ग्रुपने आमच्याकडे काम दिलं. जागा छोटी, खालचा मजला, बजेट त्याहून छोटं. मी फसाडची, म्हणजे दर्शनी बाजूची, तीन चित्रं काढून नेली, झकास थ्रीडी, संध्याकाळचा उजेड वगैरे. त्यांच्या गुरू, सत्तरीच्या बाई, त्यांनी ती चित्रं उलटी करून ठेवली आणि म्हणाल्या, "आधी मला उभं राहायला दे." मग आमच्या सुताराने वर्कशॉपमध्ये आठ बाय आठचा नमुना केला. खाली रबर, रिपा, प्लाय, वर सागवानी फळ्या, पॉलिश नाही. बाई रिक्षाने आल्या, चपला काढल्या, साडीचा काष्टा खोचला आणि ता थेई थेई तत् सुरू. घुंगरू नाहीत, नुसते पाय. वर्कशॉपमधली करवत आपोआप बंद झाली. दोन मिनिटांनी थांबल्या आणि उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "इथला तत् खोटा आहे."

सुतार म्हणाला लेव्हल बघितलीये मी, दोनदा. बाईंनी परत पाय मारला. मग तो गुडघ्यावर बसला, फळी उचकटली, खाली हात घातला आणि जरा ओशाळून म्हणाला, "मॅडम, रीप एक सूत कमी आहे."