भात्यावरचा डावा हात

[दृश्य : देवळाचा ओटा, भजनी मंडळ. कॅमेरा पेटीवाल्याच्या हातांवर.]

पेटी वाजवणाऱ्याचे दोन हात नीट बघा. उजवा पट्ट्यांवर फिरतोय, डावा भाता मारतोय. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावच्या भजनात हेच दिसेल. डाव्या हाताला सूर ठाऊकच नाही, त्याला ठाऊक आहे ती हवा.

[दृश्य : घरातली खोली. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, स्टँडवर आडवा ठेवलेला मोबाइल. पडद्यावर निळ्या-हिरव्या पट्ट्या वरून खाली येताहेत.]

याच घरांत आता कीबोर्ड आलाय आणि सोबत यूट्यूबवरचे संथ पियानो-धडे. गुरू जवळ नाही, नोटेशन वाचता येत नाही, तरी पडद्यावरची पट्टी जिथे उतरेल तिथे बोट ठेवलं की सूर लागतो. उजवा हात लवकर पुढे जातो. अडतो तो डावा.

नवशिक्यांची आवडती रचना घेऊ, जर्मन संगीतकार बेथोव्हनची ‘फ्यूर एलिझे’. लिहिली १८१० च्या सुमारास, छापली गेली १८६७ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर चाळीस वर्षांनी. तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या ही धून वाजवत फिरतात, इतकी ती सगळ्यांच्या कानांत बसलेली आहे. धून आधीच ओळखीची असल्याने चुकलं की लगेच कळतं, म्हणून शिकायला ती बरी.

सुरुवात पेटीच्या भाषेत सांगायची तर (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक, जोडीतली पहिली ती काळी एक, तिथून उजवीकडे मोजायचं) अशी : पांढरी तीन, काळी दोन, पांढरी तीन, काळी दोन, पांढरी तीन, मग खालची पांढरी सात, वर येऊन पांढरी दोन, पांढरी एक, आणि खालच्या पांढरी सहावर मुक्काम. ६१ पट्ट्यांवर हा पहिला भाग पूर्ण मावतो.

वाजवण्याआधी एक गोष्ट तपासा : ट्रान्स्पोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली करणारी सोय. खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांना साथ करताना गाणाऱ्याच्या पट्टीसाठी ते वर-खाली केलेलं असतं. काही कीबोर्ड बंद केल्यावर ते विसरतात, काही लक्षात ठेवतात. ते शून्यावर नसेल तर बोटं व्हिडिओसारखी पडूनही सूर व्हिडिओशी जुळत नाहीत, आणि माणूस उगाच व्हिडिओला दोष देतो.

[दृश्य : उजव्या हाताचा पंजा, वरून.]

आता बोटं. अंगठा एक, करंगळी पाच. वर सांगितलेल्या नऊ सुरांना प्रचलित क्रम आहे : पाच, चार, पाच, चार, पाच, दोन, चार, तीन, एक. उतरत्या पट्ट्या कुठली पट्टी दाबायची ते सांगतात, कुठल्या बोटाने ते बहुतेक वेळा सांगत नाहीत. संथ गतीत कुठलंही बोट चालून जातं, आणि खरा धोका हाच. अर्ध्या वेगात तर्जनी-मधल्या बोटावर निभावलेलं पूर्ण वेगात कोसळतं, कारण पुढच्या सुराला बोटच उरत नाही. पेटीवर करंगळी टाळण्याची सवय असेल तर इथे ती पहिल्याच सुराला लागते. बोटांचे आकडे कागदावर लिहून स्टँडला अडकवा. हात वरून दाखवणारा धडा मिळाला तर रंगीत पट्ट्यांपेक्षा तो निवडा.

[दृश्य : डावा हात.]

सुरुवातीच्या तुकड्यात डाव्या हाताला दोनच आकृत्या आहेत. पहिली : पांढरी सहा, तिच्या वरची पांढरी तीन, मग वरची पांढरी सहा. बोटं पाच, दोन, एक. बरोबर एक सप्तक, पंजात बसतं. दुसरी : पांढरी तीन, तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी तीन, मग काळी चार. हे अंतर सप्तकाहून मोठं आहे. पंजा ताणून धरला की मनगट दुखतं आणि काळी चार हमखास चुकते. करंगळीने सूर वाजला की ती सोडून द्या आणि पूर्ण हात उजवीकडे सरकवा.

दोन हात एकत्र आणताना लोक घाबरतात. या रचनेच्या सुरुवातीला तेवढं घाबरण्यासारखं काही नाही. माप म्हणजे एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचा तुकडा. पहिल्या आठ मापांत दोन्ही हात एकाच क्षणी पडतात ते फक्त सहा वेळा, दर वेळी समेवर. पहिल्या आणि पाचव्या मापात डावा गप्पच असतो. बाकीच्या मापांत समेला दोघं भेटतात, मग डावा आपले उरलेले दोन सूर टाकून थांबतो आणि उजवा पुढे नेतो. म्हणून आधी फक्त समा वाजवा : उजव्याचा एक सूर, डाव्याचा एक सूर, एकदम. त्या पक्क्या झाल्या की मधलं भरा.

तालाची फसगत मात्र आपल्या कानांमुळेच होते. एका मापात सहा बारीक सूर येतात. सहा म्हटलं की कान दादरा ताल धरतो, तीन-तीन. इथले सहा दोन-दोन-दोन आहेत. शिवाय सुरुवातीचे दोन सूर समेआधीचे आहेत. सम तिसऱ्या सुरावर येते. पहिल्याच सुरावर सम धरली की डावा हात कधीच जागेवर पडत नाही.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर वेगाचा मेन्यू.]

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग ०.५ करता येतो. सूर खाली जात नाही, फक्त लांबतो. पण व्हिडिओसोबत वाजवत बसू नका. डोळ्यांनी पट्टी बघून मग बोट दाबलं की बोट कायम किंचित मागे राहतं, आणि लय व्हिडिओची राहते, तुमची होत नाही. एक माप बघा, थांबवा, स्वतः वाजवा. पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की व्हिडिओ दहा सेकंद मागे जातो. तुकडा घेताना पुढच्या मापाचा पहिला सूर त्यात नक्की घ्या. नाहीतर प्रत्येक माप सुटं पाठ होतं आणि सांध्यांवर गाडी अडते.

मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप. मिनिटाला ६० ठोके, एका ठोक्याला एक सूर. सलग तीनदा बिनचूक आलं की ५ ने वाढवा. १२० झालं की पुन्हा ६० वर या आणि एका ठोक्याला दोन सूर वाजवा. वेग तोच राहतो, पण मापाला तीन ठोके पडतात आणि दादरा आपोआप सुटतो.

आवाजाचंही वेगळं तंत्र आहे. पेटीवर पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज भात्यावर ठरतो. पियानोवर पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर ठरतो. कीबोर्डला टच रिस्पॉन्स (दाबाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त होण्याची सोय) नसेल तर हा फरक शिकताच येत नाही. विकत घेताना आधी हेच विचारा, चमकणारे दिवे आणि शेकडो टोन नंतर.

[दृश्य : उन्हाळ्याची दुपार, कपड्याने झाकलेला कीबोर्ड.]

थोडं यंत्राबद्दल. टच रिस्पॉन्सच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन रबरी संपर्क असतात, आणि दोघांमधल्या वेळेवरून जोर मोजला जातो. त्यात धूळ गेली की एखादा सूर एकदम फाटकन वाजतो किंवा वाजतच नाही. कापूस आणि उन्हाळी वावटळीच्या मुलखात सुती कपडा टाकून ठेवणं चांगलं. वीज गेली तर बरेच छोटे कीबोर्ड सहा पेन्सिल सेलवर चालतात. दुसऱ्याचा अडॅप्टर लावताना व्होल्टेजसोबत पिनेची अधिक-उणे खूणही जुळवा, ती कंपनीगणिक उलटी असू शकते. आणि कीबोर्डचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर नेऊ नका. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि हात त्याच्यासाठी थांबायला लागतो. वायरचा हेडफोन लावा.

[दृश्य : मोबाइल आता स्टँडवर नाही, बाजूला रेकॉर्डिंगला लावलेला.]

शेवटची तपासणी व्हिडिओ बंद करून होते. पहिली आठ मापं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त डाव्या हाताकडे कान द्या. तो उजव्याएवढाच मोठा ऐकू येत असेल तर हळू करा. तो अडखळत असेल तर उजवा बाजूला ठेवा आणि डाव्याच्या दोन आकृत्या एकट्याने, ६० च्या ठोक्यावर, परत घ्या.