एक कोळपणी, अर्धं पाणी

दृश्य: मंगळवेढ्याचं काळं रान, ऑगस्ट. लांबपर्यंत पीक नाही.

पाऊसकाळ चालू आहे आणि रान रिकामं आहे. सोलापूरकडून पहिल्यांदाच येणाऱ्याला वाटावं, इथल्या लोकांनी शेती सोडली की काय. पण हे रान खरिपात मुद्दाम मोकळं ठेवलेलं आहे. आत्ता पडेल तो पाऊस जमिनीच्या पोटात जिरवायचा, आणि पाऊस परतीला लागला की त्याच ओलीवर ज्वारी पेरायची.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये तोंड दाखवतो, मध्येच दडी मारतो आणि बरसतो तो बहुतेक सप्टेंबरात. इथलं पीक या लहरीच्या मापानं बेतलेलं आहे. 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून.

दृश्य: उताराला आडवे सरी-वरंबे, त्यांत थांबलेलं गढूळ पाणी.

हे पाणी बघून घ्या, कारण दोन दिवसांनी ते दिसणार नाही. उताराला आडव्या सऱ्या काढल्या, किंवा रानाचे छोटे सपाट वाफे केले, की पाऊस पळत नाही. भारी काळी जमीन खोलवर ओल धरून ठेवते. आपण पाण्याचा हिशोब धरणाच्या टीएमसीत मांडतो. इथं वरंब्यानं थोपवलेलं पाणी कुठल्याच आकड्यात येत नाही. आमच्या मते, मोजायला हवं ते हे.

दृश्य: वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघणारा हात, जवळून.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. काका वरची माती बाजूला सारतात, खालची मूठभर उचलतात, दाबतात. गोळा वळला. कमरेइतक्या उंचीवरून सोडला, आणि तो फुटला. म्हणजे वाफसा आला. गोळा तसाच राहिला असता तर अजून थांबायचं. वळलाच नसता तर उशीर झाला.

फार आधी पेरलं तर खोडमाशीची अळी कोवळ्या रोपांचे पोंगे खाते. फार उशीर केला तर दाणा भरायच्या वेळी ओल संपते. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, एवढीच काय ती सवड.

दृश्य: पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. बैलजोडी, मागे चाड्यावर, बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरलेली बाई.

ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं बरीच रानं आता तासाभरात उरकतात. आम्हाला पाभर मिळाली, म्हणून पाभरच दाखवतो. शिवाय खरं कसब इथं दिसतं. ज्वारीचं बी एकरी चार किलो. एवढंसं बी अख्ख्या एकरभर सारखं पडायला हवं, आणि ते सगळं मावशींच्या मुठीवर आहे. करंगळीकडून दाणे सुटतात, अंगठा त्यांना आवरतो. बैल जरा पळाले.

"आवो, बेतानं हाका की, मूठ सुटतीया!"

काका कासरा ओढतात. बैल चालीवर येतात.

दोन ओळींत दीड फूट अंतर. दाट पेरलं तर ताटं एकमेकांचं पाणी पितील. दोन चाड्यांच्या पाभरीनं खतही बियासोबतच ओलीत जातं, कारण नंतर वरून दिलेलं खत कोरड्या मातीत नुसतं पडून राहतं.

बी मालदांडी. स्थानिक वाणातून मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड झाली, आणि मालदांडी 35-1 हे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं. मोत्यासारखा गोल दाणा, गोडसर कडबा. संकरित वाण आले नि गेले, ही टिकून आहे.

दृश्य: डिसेंबर. गुडघ्याच्या वर ज्वारी, पानांवर दव. मग जमिनीला पडलेल्या भेगा.

शाळू, म्हणजे ही रब्बीची ज्वारी, दवावर येतो, असं गावाकडं म्हणतात. दव पडतं खरं, पण तेवढ्यावर चार महिन्यांचं पीक उभं राहत नाही. मुळं मीटरभराहून खोल जातात आणि ऑगस्टमधलं पाणी शोधून काढतात. धोका आहे तो या भेगांचा. काळी जमीन सुकली की आक्रसते, उलते. भेगा मुळं तोडतात आणि खालची ओल वाफ होऊन निघून जाते.

म्हणून कोळपं, ओळींमधली माती हलवणारं अवजार. पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्यानं. दात्यांनी वरची दोन बोटं माती भुसभुशीत होते, ती भेगांत उतरते आणि झाकण बसतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी दिल्यासारखं, असा इथला जुना हिशोब आहे. कोळपणी चुकली आणि दाणे भरताना ओल सरली, की ताटं बुडात पोकळ होऊन आडवी पडतात. त्याला खडखड्या म्हणतात. तो आम्हाला कॅमेऱ्यात सापडला नाही. बरंच झालं.

दृश्य: दामाजीपंतांचं मंदिर, बाजारपेठ.

15 व्या शतकातल्या दुष्काळात मंगळवेढ्याचे अंमलदार दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली, अशी परंपरा सांगते. 1972 च्या दुष्काळात मात्र रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, आला होता. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, भाषणं भरपूर झाली.

दृश्य: फेब्रुवारी. उपटणी.

ज्वारी इथं मुळासकट उपटतात. वाकायचं, दोन्ही हातांनी ताट धरायचं, हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर झाडायची. कणसं मोडून मळणीला, ताटांच्या पेंढ्या, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. उपटणीला माणूस मिळत नाही. उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथं ऊस आला, आणि ज्वारीचं क्षेत्र वर्षागणिक घटतंय.

दृश्य: रानाच्या कडेला कडब्याची गंज, टेम्पो लागलेला.

दाण्याआधी कडबा विकला जातो. दुधाच्या पट्ट्यातला व्यापारी बांधावरच येऊन उभा आहे, भाव शेकड्यावर ठरतोय. तो एक ताट ओढून बघतो.

"मालदांडीच हाय न्हवं?"

"चावून बघा की, मालक!"