भाजीचा दुधी आणि तारप्याचा दुधी

(तारपा हे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य. ते बनवायला शिकवणाऱ्या शिबिरांतल्या जुन्या शिबिरार्थींचा स्नेहमेळावा जव्हार परिसरातल्या एका पाड्यावर भरला होता. तिथे केलेल्या भाषणाचं हे संपादित शब्दांकन.)

मागे बसलेल्यांनी पुढे सरका, सतरंजीवर भरपूर जागा आहे. जनरेटर मुद्दामच बंद ठेवलाय. संध्याकाळी तारपा ऐकायचा आहे, तर त्याआधी कानांना थोडी विश्रांती मिळू दे.

मला विषय दिलाय, ‘कार्यशाळा कशी घ्यावी’. मी तो जरा बदलून घेतो. कार्यशाळा कधी घ्यावी, यावर बोलतो. इतकी वर्षं ही शिबिरं घेताना आम्ही ज्या चुका केल्या, त्यातल्या बहुतेक तारखेच्याच होत्या.

पहिलं शिबिर आम्ही मे महिन्यात घेतलं. कारण साधं होतं. शहरातल्या मुलांना सुट्टी, पालकांना सुट्टी, एसटीही मोकळी. पत्रकात लिहिलं, ‘स्वतःच्या हातांनी तारपा बनवा’. साहित्याची यादी दिली: दुधी, बांबू, ताडाची पानं, मेण. आता यादी वाचून माणूस काय करणार? मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने दादरच्या मंडईतून चार छान हिरवेगार, कोवळे दुधी आणले. आमचे तारपकरी बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी एक दुधी उचलला, हातात तोलला, आणि म्हणाले, “भाजी चांगली होईल.” आणि खरोखरच त्या रात्री आम्ही सगळ्यांनी दुधीची भाजी खाल्ली. आज इथे बसलेल्यांपैकी दोघंतिघं त्या पंगतीला होते, हसताहेत बघा.

तारप्याचा दुधी वेलावरच ठेवावा लागतो. तो तोडायचा नाही, खायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. पावसाळ्यात वेल मांडवावर चढतो, फळ धरतं, आणि ज्या एकदोन फळांचा आकार मनासारखा दिसतो ती राखून ठेवतात. ती जून होतात, साल कडक होते, हिरव्याची पिवळट आणि मग तपकिरी होते. त्यानंतर ती चुलीच्या वर, आढ्याला, धुरात टांगतात. धुरामुळे कीड लागत नाही. हलवून बघितलं आणि आत बिया खुळखुळल्या की दुधी तयार. म्हणजे या वर्षी वाजणारा तारपा निदान गेल्या वर्षीच्या पावसातला असतो. आम्ही पत्रक काढलं शिबिराच्या महिनाभर आधी. काढायला हवं होतं वर्षभर आधी, बी पेरायच्या वेळी.

मग आम्ही शहाणे झालो आणि डिसेंबर ठरवला. नाताळची सुट्टी, थंडी, हुरडा-बिरडा. दुधी मिळाले. पण शिकवणारे मिळेनात! दिवाळी झाली की या भागातली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन टेम्पोत बसतात. शिबिराच्या पहिल्या दिवशी आम्ही पाड्यावर पोचलो, तर निम्म्या दारांना कड्या. ज्या घरी आदल्या वर्षी आम्ही जेवलो होतो तिथे एक म्हातारी आणि एक शेळी. म्हातारीने आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, “आता कशाला आलात?” प्रश्नात राग नव्हता. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तर भात कापून झालंय, हातात थोडी सवड आहे आणि अजून भट्टीचा टेम्पो आलेला नाही, असा एक पट्टा असतो. दोनतीन आठवड्यांचा, जास्तीत जास्त. तारपा घरोघरी निघतो तोही याच दिवसांत, नवं धान्य आलं की. कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा भगत घांगळी या तंतुवाद्यावर गातो, तेही याच सुमाराला. हे सगळं आपल्या सुट्ट्यांच्या कॅलेंडरात बसत नाही आणि बसवूही नये. आम्ही आता याच पट्ट्यात शिबिर घेतो. शहरातल्यांना रजा काढावी लागते. काढतात ते येतात.

आता बनवण्याबद्दल थोडं, कारण इथे काही नवी मंडळी आहेत.

दुधीला वर एक भोक, तिथून फुंकायचं. खालच्या बाजूने बांबूच्या दोन नळ्या आत शिरतात, बोटांसाठी भोकं पाडलेल्या. त्या नळ्यांच्या दुधीच्या आत राहणाऱ्या टोकांना बांबूच्याच बारीक पात्या चिरलेल्या असतात. आवाज त्यांच्यातून निघतो. खाली ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा गुंडाळून बसवायचा. आणि हे सगळं एकमेकांना चिकटतं मधाच्या पोळ्याच्या मेणाने. खिळा नाही, स्क्रू नाही.

त्या मेणाची एक गोष्ट सांगतो, ती माझ्याच मूर्खपणाची आहे. एका वर्षी शिबिरातला सगळ्यात चांगला तारपा मी पुण्याला दाखवायला नेत होतो. वाटेत जेवायला थांबलो, गाडी उन्हात. मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, पण नरम पडायला त्याच्या निम्म्या तापमानालाच सुरुवात होते. तासाभराने दार उघडलं तर कर्णा नळ्यांपासून सुटून सीटवर आडवा आणि गाडीभर मधाचा वास. फोन करून बाबांना सांगितलं. वाटलं ओरडतील. ते म्हणाले, “सावलीत ठेव, मेण गोळा करून आण.” मोडणं हे त्यांच्या हिशेबात धरलेलंच असतं. दर वर्षी मेण उकलायचं, पात्या बदलायच्या, पुन्हा लावायचं. बनवता न येणारा वाजवणारा त्यांच्याकडे फार दिवस टिकूच शकत नाही. आपण पत्रकात ‘संगीत कार्यशाळा’ सकाळी आणि ‘हस्तकला कार्यशाळा’ दुपारी असे दोन रकाने छापतो. तिथे असे रकाने नाहीत.

फुंकण्याचं सांगायचं तर तारप्याचा सूर तुटत नाही. नाकाने श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा बाहेर ढकलायची. हे तोंडी सांगून कोणालाच येत नाही. बाबा पपईच्या पानाचा पोकळ देठ देतात आणि पाण्याने भरलेला तांब्या. देठातून फुंकत राहा, बुडबुडे थांबता कामा नयेत. पहिल्या दिवशी सगळ्यांचे बुडबुडे श्वासागणिक थांबतात, शर्ट भिजतात. गेल्या खेपेला एका दहावीतल्या मुलीचे तिसऱ्या दिवशी थांबेनात. ती एकटीच ओट्याच्या कोपऱ्यात, डोळे वटारलेले, गाल फुगलेले, आणि तांब्यातून अखंड बुडबुड. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसून नुसते ऐकत होते. तारपा तिला अजून वाजवता येत नाही. पण अवघड भाग झालाय.

वारली चित्रांबद्दल माझी एक तक्रार आहे, ती इथे नोंदवतो. दोन तासांत ‘वारली शिका’ हा प्रकार. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल काढला, झाला माणूस. झाला, कबूल. पण मूळचा चौक, म्हणजे लग्नाचं भित्तिचित्र, लग्नाच्या घरात, गेरू सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाष्णी लिहितात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, मग लग्न पुढे सरकतं. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्यासारखे पुरुष ही चित्रं कागदावर आणू लागले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. चांगलंच झालं. पण मगांवर आणि पडद्यांवर तारपा नाचाची जी गोलाई छापतात ती बघा. बऱ्याच वेळा ती गोलाई बंद असते, चुड्यासारखी.

आमच्या शिबिरातही पहिल्या दुपारी मुलांनी तशीच बंद काढली होती. आम्ही काही बोललो नाही. रात्री नाच झाला. मध्ये तारपकरी, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळीत. तारप्याकडे पाठ करायची नाही, एवढाच नियम. तारपकरी चाल बदलतो, साखळी दिशा बदलते. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आपलं कालचं चित्र पुसत बसला होता. विचारलं, काय रे? म्हणाला, “शेवटच्या माणसाचा एक हात मोकळा असतो ना. मीच होतो शेवटी.” त्याने नवं वेटोळं काढलं, सुटलेल्या टोकाचं. याच्यापेक्षा चांगलं चित्रकलेचं शिक्षण मला माहीत नाही, आणि ते चित्रकलेच्या तासाला झालं नाही.

पैशांचं थोडक्यात. शिकवणाऱ्यांना मानधन रोज संध्याकाळी, हातात, रोख. नंतर खात्यावर जमा करू, हे चालणार नाही. प्रमाणपत्रं आम्ही वाटत नाही. मागणारे मागतात, मी देठ आणि तांब्या दाखवतो.

आता आजच्या दिवसाबद्दल सांगून थांबतो. तीन वर्षांपूर्वी दुधी पोखरताना निघालेल्या बिया आपण मुठी-मुठीने वाटल्या होत्या. किती उगवल्या, हे आज विचारायचं ठरलं होतं. काहींच्या कुंडीतच सडल्या. एकाच्या वेलाला फळ धरलं, पण सासूबाईंनी भाजी केली. डोंबिवलीच्या ताई मात्र सकाळी कापडी पिशवीत गुंडाळून एक दुधी घेऊन आल्या. गच्चीवर वाढवलेला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वेलावरून भांडण झालं तरी राखलेला. मानेला किंचित वाकडा.

बाबांनी तो घेतला, कानाशी धरून हलवला, नखाने दोन ठिकाणी वाजवून बघितला. आम्ही सगळे गप्प. ताईंचा तर चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा. बाबा म्हणाले, “अजून ओला आहे आत.” मग उठले, घरात गेले, आणि चुलीच्या वर त्यांच्या तीन दुधींच्या शेजारी तो सुतळीने टांगून आले.