धीर देण्याआधी झंपर

मायबहिणींनो, पत्रिकेवर विषय छापलाय 'स्तनाच्या कॅन्सरनंतर आनंदाकडे'. आनंदाकडं येतेच. पण आधी झंपराबद्दल बोलू द्या. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातून शेक, म्हणजे रेडिएशन, संपवून बाई गावी येते, येईल तो धीर देतो, अन् झंपर मात्र जुनाच. वाकली की एक बाजू पोकळ लोंबते. मग ती पदर आवळते, खांदा पुढं काढते, लग्नाला जायचं टाळते. लोक म्हणतात, मनानं खचली. अहो, आधी तिचं माप घ्या!

जखम भरेपर्यंत, साधारण ६ ते ८ आठवडे, काढलेल्या स्तनाच्या जागी झंपरात हलकी कापसाची किंवा सुती धाग्याची विणलेली गादी घालायची. सिलिकॉनची वजनदार त्यानंतर, डॉक्टरांना विचारून. झंपराला आतून जुन्या सुती बनियनचा कप्पा लावा, गादीपेक्षा चहूबाजूंनी एक बोट मोठा. शिलाई व्रणावर येऊ देऊ नका. कप्प्याचं तोंड काखेकडं ठेवा. वर ठेवलं तर खुरपायला वाकल्यावर गादी गळ्यातून डोकावते. हलकी गादी चालता चालता वर सरकते, म्हणून खालच्या कडेला दोन टाके घालून अडकवा. वजनासाठी बाजरी भरा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात घामानं ती ओलसर होते, कुबट वास येतो, अन् सोंडे पडतात. हसा, पण गादीत सोंडे पडल्यावर त्या बाईनं काय करायचं? गाद्या दोन ठेवा, एक अंगावर, एक वाळत. जिला गादीच नको, तिच्या झंपराचे त्या बाजूचे टक्स काढा, सपाट शिवा. तीही छान दिसते.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातातलं पाणी वर जायची वाट अरुंद होते, हात सुजू शकतो. म्हणून ती बाही दोन बोटं सैल हवी. कासारीण हात दाबून चुडा चढवते, तो त्या हातात नको. कापूस वेचताना बोंडाची टोकं टोचतात, हातमोजे घाला. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. अशा बायकांनी एकमेकींना धरून राहायच्या समूहाचं आता भरभर सांगते. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचं स्तन १९५२ मध्ये काढलं. त्या दुसऱ्या बायकांना भेटायला दवाखान्यात जाऊ लागल्या, तेव्हा हाताच्या व्यायामाला चेंडू अन् दोरी, अन् तात्पुरती गादी नेत. 'रीच टू रिकव्हरी', म्हणजे या आजारातून गेलेल्या बायकांनी दुसरीला आधार द्यायची चळवळ, तिथून उभी राहिली. आपल्याकडं बचत गट आहेतच. त्यातल्या अशा पाच-सहा जणींनी महिन्यातून एकदा बसावं. ऑपरेशनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नाही. नळी निघाली की भिंतीवर बोटं चढवत न्यायची, रोज खडूची खूण. पंचमीला उभी फुगडी लगेच नको, पुढचीचं सगळं वजन हातावर येतं. आधी झिम्मा, मग फिजिओथेरपिस्ट हो म्हणाले की फुगडी. पण पंचमी चुकवू नका. औषधाचा सल्ला एकमेकींना द्यायचा नाही, आणि व्रण दाखवायचा तो जिची इच्छा असेल तिनंच.

मागच्या खोलीत आरसा ठेवलाय, दाराला आतून कडी आहे. शिलाई करणाऱ्या ताई तिथंच बसल्यात. जुना झंपर घेऊन एकेक जणी या.