निष्ठेचे वजन

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात डिचोलीतल्या एका वाचनालयात मी शाळकरी मुलांना माझ्या अपुऱ्या विज्ञानकादंबरीचे एक प्रकरण वाचून दाखवले. तिच्यात आकाशगंगाभर पसरलेले एक साम्राज्य आहे आणि त्याच्या पार टोकाला भात पिकवणारे एक लहानसे निष्ठावान जग आहे. दर सुगीला राजधानीची जहाजे येतात आणि पिकाचा तिसरा हिस्सा भरून नेतात, असे मी लिहिले होते. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एवढ्या लांब तांदूळ नेणे त्यांना परवडते कसे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितले. आजचे भाषण त्याच प्रश्नाबद्दल आहे.

हिशेब सोपा आहे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशाच्या एक-दशांश वेगाने, म्हणजे सेकंदाला तीस हजार किलोमीटर धावणाऱ्या जहाजालाही तिथे पोहोचायला बेचाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल. एक किलो उकडा तांदूळ तेवढ्या वेगाला आणायचा, तर नुसत्या त्या एका किलोसाठी साडेबारा कोटी युनिट वीज खर्ची पडेल, आणि पलीकडे पोहोचल्यावर तो वेग मारायचा खर्च पुन्हा वेगळा. गोष्टीत हवे तेवढे वेगवान इंजिन कल्पिता येते, हे खरे. पण ज्या राजधानीला असे इंजिन बांधता येते, तिला स्वतःच्या ताऱ्याच्या उन्हात भात पिकवता येणार नाही, हे कसे मानायचे? तेव्हा तांदूळ गेला, लोखंड गेले, सोनेही गेले. एवढ्या अंतरावरून साम्राज्याला मागता येईल ते फक्त बिनवजनाचे.

असे बिनवजनाचे काय असते, हे शोधायला आम्हा गोवेकरांना ताऱ्यांपर्यंत जावे लागत नाही. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आफोंस द आल्बुकेर्कने गोवा घेतला. पोर्तुगालच्या राजधानीहून, लिस्बनहून, निघालेल्या गलबताला गोव्याच्या मांडवी नदीत शिरायला साधारण सहा महिने लागत, आणि तेही मोसमी वारे साधले तर. एवढा प्रवास परवडावा म्हणून आधी मिरीसारखा हलका आणि महाग माल निवडला गेला. पण खरी युक्ती होती ती कार्ताझची. कार्ताझ म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना, एक साधा कागद. तो जवळ नसेल तर जहाज मालासकट जप्त होई. मोगलांच्या हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. कागदाची किंमत किरकोळ असे, मात्र तो घेणाऱ्याला पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरावी लागे. ज्या समुद्रावर लोक शतकानुशतके कुणाला न विचारता ये-जा करीत होते, तिथे परवानगी मागायची सवय त्या कागदाने लावली. माझ्या कादंबरीतल्या साम्राज्याची पहिली मागणी आता हीच आहे. तुमचे जहाज, तुमचे आकाश, पण आधी विचारा.

दुसरी मागणी अंतरातूनच उपजते. १ डिसेंबर १६४० रोजी पोर्तुगालने स्पेनच्या राजाची सत्ता झुगारली आणि आपला स्वतंत्र राजा गादीवर बसवला. ती बातमी गोव्यात पोहोचली १६४१ मध्ये. मधले कित्येक महिने इथला सारा कारभार, न्यायनिवाडे, हुकूमनामे, सगळे त्या राजाच्या नावाने चालू होते ज्याचे राज्य लिस्बनमध्ये केव्हाच संपले होते. कुणाचीही त्यात चूक नव्हती. आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे. प्रकाशाहून वेगवान निरोप नसेल, तर टोकाच्या जगातली मुले रोज सकाळी ज्या सम्राटाच्या नावाने शपथ घेतील, त्याला जाऊन हजारो वर्षे लोटलेली असतील. साम्राज्यालाही हे पुरते ठाऊक असणार. म्हणून ते 'या सम्राटाशी एकनिष्ठ राहा' असे सांगणार नाही. गादीवर कोण आहे हे न विचारता एकनिष्ठ राहा, असे सांगेल, आणि ही मागणी पहिलीपेक्षा फार जड आहे.

मग भाषा. १६८४ मध्ये व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने फर्मान काढून कोकणी सोडण्याचा आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम दिला. कोकणी आज जिवंत आहे, यावरून तो हुकूम किती चालला ते दिसतेच. पण साम्राज्याला आपल्या घरातली बोली का खुपावी? मला वाटते, दूरच्या सत्तेला जे ऐकून समजत नाही ते सगळे तिला कारस्थान वाटते.

माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका होती, फोंडा महालातल्या घरची. वर गणपती, खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी मराठी, आणि कोपऱ्यात निळ्या शाईचा एक पुसट शिक्का. लहानपणी मला तो छापखान्याचा वाटे. आजीने एकदा बोट ठेवून सांगितले, "हो सरकारचो. लग्न आमचे, पण छापूंक तांकां विचारूंक जाय आशिल्ले." पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. मुहूर्त, कुळ आणि जेवणाची वेळ यांत राजद्रोह कुठे दडणार होता? पण मुद्दा मजकुराचा नव्हताच. पत्रिका घेऊन वधूपित्याने कचेरीत जावे, ताटकळावे आणि शिक्का मिळाल्यावर आभार मानावेत, एवढेच हवे होते. कार्ताझ समुद्रावरून उतरून लग्नघरात आला होता.

अशा राजवटीला शेवटी नावही बदलावेसे वाटते. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेतून वसाहत हा शब्द काढला आणि गोवा 'सागरापलीकडचा प्रांत' झाला. अंमलदार तेच राहिले आणि सेन्सॉरही तोच राहिला. त्याआधी पाच वर्षे, १८ जून १९४६ रोजी, मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली होती, आणि लोकांना काय हवे आहे ते उघड झाले होते. वसाहतीला निदान 'आम्ही जिंकले गेलो' असे म्हणता येते. साम्राज्याने 'सदस्य' म्हटलेल्या जगाला 'आम्ही स्वखुशीने आत आहोत' असे म्हणावे लागते, आणि न म्हटल्यास तो विश्वासघात ठरतो.

माणसांच्या मागणीबद्दल थोडेच सांगतो. १८९५ मध्ये इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकच्या मोहिमेवर जाण्याचा हुकूम झाला. दुसऱ्या खंडातल्या आपल्यासारख्याच अंकित लोकांना दाबायला त्यांना नेले जाणार होते. शिपायांनी बंड केले, सत्तरीचे राणे त्यांना मिळाले, आणि ते मोडायला लिस्बनहून राजाच्या भावाला फौज घेऊन यावे लागले. एका सदस्य जगाच्या हाताने दुसऱ्याला मारणे, ही युक्ती ताऱ्यांमध्येही स्वस्त पडेल.

आणि अखेरची मागणी. १४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वाला तार केली. शरणागती नाही, तह नाही, सैनिक एक तर विजयी होतील नाही तर मरतील, असा तिचा आशय होता. भारतीय सैन्य सीमेवर उभे होते आणि लिस्बनहून मदत येणे अशक्य होते. हजारो मैलांवरच्या एका मेजावरून, जिथून ना मांडवी दिसत होती ना पणजीतली घरे, तीन हजारांहून अधिक सैनिकांकडे त्यांचे प्राण मागितले गेले. व्हासालो ई सिल्वाने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. जुन्या गोव्यातली चर्च उभी राहिली, माणसे घरी गेली. परतल्यावर त्याच्याच सरकारने त्याला लष्करातून बडतर्फ केले, आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याचा मान त्याला परत मिळाला. परक्या सत्तेचा तो अधिकारी होता, तरीही त्या एका सहीबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

कादंबरीचे ते प्रकरण मी पुन्हा लिहिले आहे. धान्याची जहाजे त्यातून काढून टाकली. त्यांच्या जागी आता राजधानीहून दर काही वर्षांनी एक प्रकाशकिरण येतो, आणि त्या जगाचा कारभारी रात्रभर जागून तो उतरवून घेतो. या खेपेच्या निरोपात काय मागितले आहे, ते त्याने अजून कुणाला वाचून दाखवलेले नाही. येत्या पावसाळ्यात डिचोलीला जाईन, तेव्हा मागच्या बाकावरच्या त्या मुलाला ते पान पहिले वाचायला देणार आहे.

नमस्कार.