चरबी कुठल्या थरात?

बसा, बसा. आरामात बसा, या शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे नेमकं तेवढंच जमत नाही. (हशा)

विषय आहे नितंबांत स्वतःचीच चरबी भरून घेण्याआधी काय माहीत हवं. तिकडे वळूच, पण आधी एक तक्रार. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो तुम्ही पाहिले असतील. 'नंतर' म्हणजे किती दिवसांनंतर, ते कोणी लिहीत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गोलाईत सूज असते आणि पुढे विरघळून जाणारी चरबीही. पोट-कंबरेतून शोषून काढलेल्या चरबीला नव्या जागी स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. नव्या केशवाहिन्या येईपर्यंत ती शेजारून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर तगते, आणि तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत पोचतो. ओंजळभर बी एकाच खड्ड्यात ओतलं तर काय उगवणार? म्हणून चरबी बारीक बारीक रेघांत पसरून सोडायची. गोळा झाला की मधला भाग मरतो. मग तेलाच्या गाठी, टणक ढेकळं, कधी जंतुसंसर्ग. सगळं नीट झालं तरी साधारण 60 ते 80 टक्केच टिकते आणि खरा आकार कळायला 3 ते 6 महिने जातात. सहा महिन्यांच्या आतला फोटो मी तरी बघत नाही. तुम्ही बघा, पण पैसे देऊ नका. (हशा)

आता थराचं. पूर्वी चरबी मुद्दाम स्नायूत सोडत, कारण तिथे रक्त भरपूर, चरबी चांगली जगेल. तर्क चुकीचा नव्हता, जागा चुकीची होती. नितंबाच्या मोठ्या स्नायूखाली जाड शिरा आहेत, त्या थेट ओटीपोटातल्या मोठ्या शिरेला मिळतात. नळीने शीर फाटली की दाबाखालची चरबी आत ओढली जाते, हृदयात आणि तिथून फुप्फुसात. माणूस टेबलावरच जाऊ शकतो. 2017 च्या पाहणीत सुमारे 3,000 शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू, असा अंदाज निघाला. शवविच्छेदन झालेल्या प्रत्येकाच्या स्नायूत चरबी सापडली होती. 2018 मध्ये ब्रिटनच्या सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या संघटनेने सदस्यांना ही शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. 2022 मध्ये परवानगी दिली ती अशी : फक्त त्वचेखालच्या थरात, तीही सोनोग्राफीत नळीचं टोक बघत. का? 'मी वरच आहे' असं वाटणारा हातही खोल गेलेला असतो. नळी 4 मिलिमीटर किंवा जाड आणि ताठ हवी. बारीक नळी वाकते, टोक भलतीकडे जातं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. म्हणजे जाहीर केलेला विषय आता सुरू. (हशा)

भराभर सांगतो. डॉक्टरांना तीन प्रश्न : कुठल्या थरात, सोनोग्राफी आहे का, आणि दिवसातली माझी कितवी? फ्लोरिडाच्या वैद्यक मंडळाने 2022 मध्ये एका सर्जनला दिवसाला तीनचीच मर्यादा घातली. थकलेला हात खोल जातो. वजन आधीच स्थिर ठेवा, पुढे ते उतरलं की ही चरबीही उतरते. सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्न आहे. नंतर पालथं किंवा कुशीवर झोपायचं. बसावंच लागलं तर उशी मांड्यांखाली, नितंब अधांतरी. पट्टा पोट-कंबरेला घट्ट, नितंबांवर दाब नको. पण पडून राहू नका, पहिल्या दिवसापासून चाला. स्वस्तात सिलिकॉनचं इंजेक्शन देतो म्हणणारा भेटला, तर ती ही शस्त्रक्रियाच नव्हे, उठून या. आणि धाप लागली, छातीत दुखलं, एकच पोटरी सुजली, तर क्लिनिकची वेळ मागत बसू नका, थेट आपत्कालीन विभाग गाठा.

हो, हो, संपवतो. प्रश्न बाहेर घेऊ.