प्रश्न निपाणीचा, अनुदान दिल्लीचं

(बेळगावात प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

सरकारी संशोधन अनुदान कुठं शोधायचं आणि अर्ज कसा करायचा, हा विषय तुम्ही दिलात. योजनांची नावं तासाभरात सापडतात. ती सांगेनच, पण त्याआधी जे घडायला हवं आणि घडत नाही, त्यावर मला जास्त बोलायचं आहे.

आपली सुरुवात योजनेपासून होते. जाहिरात येते, शेवटची तारीख पंधरा दिवसांवर असते आणि मग विषय काय घ्यायचा यावर स्टाफरूममध्ये चर्चा रंगते. अशा घाईत तयार झालेला प्रस्ताव कुठल्याही गावातल्या कुणीही लिहिलेला असू शकतो. आणि परीक्षकाच्या मनातला पहिला प्रश्न हाच असतो की, हे काम यांनीच का करायचं?

या प्रश्नाचं उत्तर सीमाभागातल्या माणसाकडं तयार असतं. वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत येतात आणि त्यांच्या पुराचं पाणी निपाणी-चिकोडीच्या शिवारात शिरतं. 2019 चा महापूर दोन राज्यांत आला, पण त्याच्या नोंदी दोन वेगवेगळ्या दप्तरांत आहेत. दोन्हीकडची कागदपत्रं वाचू शकणारा आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा संशोधक कुठं मिळणार? इथंच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांतून निघणाऱ्या वापरलेल्या वाळूचं पुढं काय होतं, हा मटेरियल सायन्सचा प्रश्न आहे आणि तो आपल्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. वडगाव-शहापूरच्या विणकरांची अर्थव्यवस्था आहे. खानापूर तालुक्यात भीमगडचं अभयारण्य आहे. राँटनचं वटवाघूळ शास्त्राला पहिल्यांदा माहीत झालं ते तिथल्या बारापेडेच्या गुहांमुळं. प्राणिशास्त्राच्या माणसाला यापेक्षा जवळचं आणखी काय हवं?

एक उदाहरण जरा नीट उलगडून बघू. निपाणीचा तंबाखू. वखारीत बायका जमिनीवर बसून तंबाखू चाळतात, निवडतात, पोत्यांत भरतात. धूळ इतकी असते की नाकातोंडाला पदर बांधल्याशिवाय बसवत नाही. समजा, तुम्हाला यावर काम करायचं आहे. शीर्षक दिलंत, ‘निपाणी परिसरातील तंबाखू कामगार महिलांचे आरोग्य : एक अभ्यास’. हा प्रस्ताव परत येणार. आरोग्य म्हणजे काय मोजणार? दमा, पाठदुखी, रक्तक्षय, की सगळंच?

आता तोच विषय असा मांडा. वखारीत काम करणाऱ्या स्त्रियांची फुफ्फुसांची क्षमता त्याच वस्तीतल्या, त्याच वयाच्या, पण वखारीत न जाणाऱ्या स्त्रियांपेक्षा कमी आहे का? असली तर कामाच्या वर्षांप्रमाणं ती घटत जाते का? मोजायचं स्पायरोमीटरनं, म्हणजे श्वास मोजायच्या यंत्रानं. शरीरात निकोटिन किती शिरलं हे त्यापासून तयार होणाऱ्या, लघवीतल्या कोटिनीनवरून समजतं. हवेतली धूळ मोजायला कामगाराच्या खांद्याला लावायचं छोटं यंत्र येतं. घरात चुलीचा धूर आहे का, ती स्वतः मिश्री लावते का, हेही विचारावं लागेल, नाहीतर मिश्रीचा परिणाम वखारीच्या नावावर जाईल. एवढं लिहिलंत की उद्दिष्टं तीनच राहतात, प्रत्येक उद्दिष्टापुढं मोजमाप येतं आणि परीक्षकाला दिसतं की हा माणूस वखारीत जाऊन आलाय.

नीतिसमितीची मंजुरी इथं अनिवार्य. जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन पाहणारी समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडं नोंदलेली असावी लागते. आपल्या कला-विज्ञान कॉलेजांत अशी समिती बहुधा नसते. मग जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी लेखी करार करावा लागतो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, सहभागी व्यक्तीला माहितीपत्रक तिला समजणाऱ्या भाषेत दिलं पाहिजे. निपाणीत ते मराठीत लागेल, कन्नडमध्येही लागेल आणि काही घरांत उर्दूतही. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला यासाठी भाषांतरकार नेमावे लागतात. तुमच्याकडं या भाषा घरच्याच आहेत. प्रस्तावाच्या कार्यपद्धतीच्या भागात हे ठळकपणे लिहा. मुलाखती कोणत्या भाषेत, कोण घेणार, दोन भाषांतल्या प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून कशा पाहणार. सीमाभागात वाढल्यामुळं आलेलं हे बहुभाषिकपण आपण भाषणांत मिरवतो आणि प्रस्तावात लिहायचं मात्र विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पैसा कुठं आहे ते.

विज्ञान-तंत्रज्ञानासाठी केंद्राची मुख्य संस्था आज एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. 2008 च्या कायद्यानं आलेलं एसईआरबी, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, 2023 च्या नव्या कायद्यानं यात विलीन झालं. म्हणून सीनियर सरांनी दिलेला जुना नमुना भरून पाठवू नका. योजनांची नावं, मर्यादा आणि पोर्टल बदललेलं आहे. नव्यानं नोकरीत आलेल्यांसाठी पंतप्रधानांच्या नावानं अर्ली करिअर अनुदान आहे, तीन वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत. राज्य विद्यापीठांना नामांकित संस्थांशी जोडणारी ‘पेअर’ नावाची योजनाही आहे. आरोग्याला आयसीएमआर. तिची पारंपरिक वैद्यकावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच, नेहरूनगरला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना जाऊन भेटा. जैवतंत्रज्ञानाला डीबीटी, म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग. समाजशास्त्रं, अर्थशास्त्र, शिक्षण यांना 1969 पासून असलेली आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आणि इतिहासाला आयसीएचआर, म्हणजे भारतीय इतिहास संशोधन परिषद. वखारीतल्या मजुरीचा, पेन्शनचा, मुलींच्या शाळागळतीचा अभ्यास करायचा असेल तर तोच निपाणीचा विषय आयसीएसएसआरकडं जाईल. विषय एकच असला तरी दार वेगळं, आणि प्रस्तावही वेगळ्या पद्धतीनं लिहावा लागेल.

कर्नाटक सरकारच्या योजनांकडं आपल्यातले बरेच जण बघतच नाहीत, हे मला स्पष्ट बोललं पाहिजे. व्हीजीएसटी, म्हणजे राज्याचा व्हिजन ग्रुप ऑन सायन्स अँड टेक्नॉलॉजी, कर्नाटकातल्या संस्थांमधल्या प्राध्यापकांना आणि प्रयोगशाळांना अनुदान देतो. बेंगळुरूची केएससीएसटी, म्हणजे राज्याची विज्ञान-तंत्रज्ञान परिषद, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रकल्पांना 1977 पासून मदत करत आली आहे. सीमाप्रश्नावर आपली जी काही भूमिका असेल ती असो. तुमची संस्था या राज्यात आहे, तुमचे विद्यार्थी इथं शिकतात, आणि या पैशावर त्यांचाही हक्क आहे. जाहिरात कन्नडमध्ये असेल तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून समजून घ्या, पण अर्ज करा.

पात्रतेचं थोडक्यात. कॉलेजला यूजीसी कायद्याच्या कलम 2-एफ आणि 12-बीखाली मान्यता आहे का, हे प्राचार्यांच्या कचेरीत आजच विचारा. खासगी संस्था असेल तर काही ठिकाणी डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची, नोंदणी मागतात. ही कागदं एकदा गोळा करून एका फाइलला लावली की पुढची दहा वर्षं उपयोगी पडतात.

संदर्भवाचनाची सबब आता चालायची नाही. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळं 1 जानेवारी 2025 पासून सरकारी विद्यापीठांना सुमारे तेरा हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून ती उघडून बघा. जुने प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात. तुमचा विषय आधी कुणी केलाय का, हे तिथं न पाहता प्रस्ताव लिहूच नये.

अंदाजपत्रकावर मात्र वेळ घालवा. परीक्षक ते बारकाईनं वाचतात. एक कनिष्ठ संशोधक, म्हणजे जेआरएफ, घ्यायचा तर 2023 पासूनचा दर महिन्याला 37,000 रुपये अधिक घरभाडं. वर्षाचे 4,44,000 तिथंच गेले. आता प्रवास. नुसतं ‘प्रवासखर्च दोन लाख’ लिहू नका. बेळगाव ते निपाणी किती किलोमीटर, महिन्याला किती फेऱ्या, एसटी की भाड्याची गाडी, स्पायरोमीटर आणि नमुन्यांचा बर्फाचा डबा बरोबर असताना एसटी का चालत नाही, हे सगळं मांडा. लॅपटॉप आणि प्रिंटर मागायची आपल्याला सवय आहे. कॉलेजात आधीच असलेली वस्तू पुन्हा मागितलीत की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास उडतो. वखारीतल्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर तिची भरपाई अंदाजपत्रकात धरा, आणि तिची रक्कम नीतिसमितीपुढंही ठेवा. त्या बायका आपल्याला वेळ देतात तेव्हा पदरचे पैसे घालवतात, हे कुणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

अनुदान मिळालं की हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा. सामान्य वित्तीय नियमांतला 12-ए हा उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना आत्ताच डोळ्यांखालून घाला. मागच्या हप्त्याचं ते प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. पोरगा फिरून फिरून नमुने गोळा करतो आणि त्याची शिष्यवृत्ती हिशेबाच्या कागदासाठी महिनोन्‌महिने अडते, हा त्याच्यावर अन्याय आहे. कॉलेजच्या अकाउंटंटला प्रस्ताव लिहितानाच बरोबर घ्या.

नाकारलेल्या प्रस्तावावर परीक्षकांचे शेरे मिळाले तर ते जपून ठेवा. राग दोन दिवसांत ओसरतो. मग एकेक शेरा घेऊन दुरुस्ती करा आणि पुढच्या फेरीत पाठवा.

मघाशी चहाच्या वेळी खानापूरच्या एका मॅडमनी विचारलं, शिवाजी विद्यापीठातल्या मार्गदर्शकांना सहसंशोधक म्हणून घेता येईल का? केंद्राच्या बहुतेक योजनांत घेता येतं. दूधगंगेच्या पुरासारख्या विषयात तर घ्यायलाच हवं, नाहीतर अर्धं खोरं अभ्यासाबाहेर राहील. त्यांच्या विद्यापीठाचं संमतीपत्र लागेल, त्यांच्या वाट्याचा खर्च वेगळा दाखवावा लागेल आणि कोणती मोजमापं कोल्हापूरकडची, कोणती आपली, हे स्पष्ट लिहावं लागेल. ते पत्र जाहिरात निघायच्या आधीच मागवा. कुलसचिवांच्या सहीला दोन्हीकडं सारखाच वेळ लागतो.